सावकाश या

या ग्रुपवर मी बरीच वर्षं आहे, पण नुसती वाचायला. सिडनीत वेस्टमीडला हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट आहे. दुपारी डबा खाताना तुमचे अनुभव वाचते आणि, राग मानू नका, निम्म्या वेळा हसते. उलट्या पायांच्या बायका, पिंपळाखालचे म्हातारे, गाडीच्या मागच्या सीटवर न सांगता येऊन बसणारी मंडळी... माझा यातल्या कशावर कधी विश्वास नव्हता. माणसाची हाडं, सांधे, स्नायू यांच्यापलीकडे मी गेलेच नाही. कुणी 'मानेवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं' म्हणालं की मी त्याला उशी बदलायला सांगते.

तर अशा बाईनं हे लिहायला घेतलंय. शांती, होम, दृष्ट काढणं वगैरे सुचवणार असाल तर आधीच थँक्यू — ते सगळं सासूबाईंनी करून झालंय. मला फक्त एका शब्दाचा अर्थ विचारायचाय. तो शब्द माझ्या मुलीला कुणीतरी म्हटलाय, आणि त्याचा अर्थ काय धरायचा यावर माझी झोप अवलंबून आहे.

घरात आम्ही तिघं. मी, माझा नवरा पराग — तो आयटीत, कॅसल हिलहून मेट्रोनं सिटीत जातो — आणि मुलगी ईरा, तेव्हा सात वर्षांची. ईराला मराठी समजतं बऱ्यापैकी, पण उत्तर इंग्लिशमध्ये येतं. तिच्या मराठीची काळजी माझ्यापेक्षा माझ्या आईला जास्त होती. आई सांगलीहून दर रविवारी व्हिडिओ कॉल करायची. कॉलच्या शेवटी ईरा म्हणायची, "बाय आजी, मी जाते." की आई लगेच, "जाते नाही म्हणू गं राणी. येते म्हणावं."

"बट आय ॲम गोइंग!"

"जाताना येतेच म्हणायचं. म्हणजे माणूस परत येतं."

महिनेच्या महिने हा तास चालला होता. शेवटी ईराच्या डोक्यात ते पक्कं बसलं. इतकं, की शाळेत सोडताना मी घाईत 'जाते गं' म्हणाले तर ती गेटपाशी थांबून सगळ्यांसमोर मला सुधारायची. ती 'येते' म्हणाली की आई कौतुकानं 'ये' म्हणायची आणि मग फोन बंद व्हायचा.

बाबांसाठी मात्र आईचं उत्तर वेगळं होतं. बाबा पाटबंधारे खात्यात होते, कामाला स्कूटरवरून जायचे आणि ती भन्नाट हाणायचे. दारातून ते 'येतो' म्हणाले की आतून आईचा आवाज यायचा — "या. सावकाश या." त्या 'सावकाश'मध्ये 'सा' लांब, आणि शेवटचा 'श' अगदी बारीक. स्कूटर कधीच विकली, बाबा रिटायर झाले, तरी कोपऱ्यावर दूध आणायला निघाले तरी तेच. हे 'सावकाश' फक्त त्यांचं होतं. आम्हा बाकीच्यांना नुसतं 'ये'.

आई गेली ती फेब्रुवारीत. न्यूमोनिया झाला, आठवडाभर हॉस्पिटलात होती. त्या दिवशी तिला बरं वाटत होतं म्हणून बाबा अंघोळीला घरी निघाले. त्यांनी 'येतो' म्हटलं, तिनं ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून 'या, सावकाश या' म्हटलं. बाबा परत पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी विमानात होते.

त्यानंतर बाबांनी 'येतो' म्हणणं सोडलं. हे मला ते सिडनीला आमच्याकडे आल्यावर कळलं. फिरायला जाताना चपला घालून गुपचूप निघायचे. मी विचारलं, "बाबा, सांगून जात जा ना." तर म्हणाले, "सांगून काय करायचं?" जेवण नावाला. त्यात उजवा खांदा आखडलेला, फ्रोझन शोल्डर — हात छातीच्या वर जात नव्हता. मी रोज सकाळी त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायचे. लेक फिजिओ असून वडिलांचा हात वर जात नाही, यावर पराग मला चिडवायचा. मीही हसायचे, पण मनातून मला ते फार लागायचं. आई मी वाचवू शकले नव्हते. निदान हा एक खांदा तरी सुटावा असं वाटायचं.

जुलैच्या शाळेच्या सुट्टीत परागनं ॲलिस स्प्रिंग्जची ट्रिप काढली. म्हणाला, बाबांना जरा बाहेर काढू या. जुलै म्हणजे इथला हिवाळा. वाळवंटात दिवसा छान ऊन, पहाटे बादलीतल्या पाण्यावर बर्फाची पापडी. गावाच्या कडेला कॅरव्हॅन पार्कमध्ये आम्ही केबिन घेतली होती. कुकर आणि मेतकूट मी घेऊन गेले होते, हे सांगायला नकोच.

ज्या घळीत हे झालं तिचं नाव मी लिहीत नाहीये. तिथं रोज लोक जातात, लहान मुलं जातात, आणि उद्या कुणी माझा हा अनुभव तिथल्या फोटोंखाली चिकटवलेला मला चालणार नाही. गावाच्या पश्चिमेला तांबड्या डोंगरांची रांग आहे, तिला समांतर डांबरी रस्ता जातो. तासाभर गाडी चालवली की पाटी येते. कार पार्क, टॉयलेट्स, पाण्याची टाकी, सावलीला दोन बाकं. तिथून कोरड्या नदीच्या वाळूतून पायवाट. दोन्हीकडे पांढऱ्या खोडांची गमची म्हणजे निलगिरीची झाडं, मग भिंती जवळ येत जातात, आणि वीसेक मिनिटांत डोह लागतात. ओळीनं तीन, शेवटचा सगळ्यात मोठा. थाँग्ज म्हणजे आपल्या स्लिपर घालून लोक येतात, इतकी सोपी वाट. मोबाइलला रेंज मात्र नाही. कार पार्कमधल्या फलकावर लिहिलंय की ही जागा इथल्या मूळ लोकांची आहे, पाण्याचा मान ठेवा. आम्ही ठेवला. आणि एक गोष्ट स्पष्ट करते — जे घडलं त्याचं खापर मी त्या जागेवर किंवा त्या लोकांवर फोडत नाही. मी जे ऐकलं ते आमच्या घरातलं होतं, सांगलीचं.

आम्ही दुपारी गेलो. भरपूर गर्दी होती. शाळकरी पोरं थंड पाण्यात उड्या मारून किंचाळत होती, वरच्या कपारीत एक वॉलबी, म्हणजे छोटं कांगारू, बसली होती, तिचे फोटो काढायला रांग. बाबा काठी टेकत चालत होते आणि आई गेल्यापासून पहिल्यांदाच आपणहून बोलत होते.

"हे बघ गौरी, रांजणखळगे. आपल्या निघोजला आहेत ना, तसेच. पाणी दगड घेऊन गरागरा फिरतं, त्यानं हे होतं."

"बाबा, पण पाणी कुठून येतं इथं? पाऊसच नाही," परागनं विचारलं.

"जमिनीखालून. वर दिसत नाही म्हणजे नसतं असं नाही." बाबा खात्यातल्या साहेबासारखे बोलत होते, मला इतकं बरं वाटलं.

शेवटच्या डोहापाशी एक सपाट खडक आहे. तिथं बाबा बसले. ईरानं पाय पाण्यात घातले आणि "इट्स फ्रीझिंग!" म्हणून माझ्या अंगावर उडी मारली. बराच वेळ बसलो. ऊन भिंतीवर वर वर सरकायला लागलं तशी गर्दी पांगली. शेवटी आम्हीच चौघं उरलो.

"चला बाबा, निघू या," मी म्हटलं.

बाबा काठीच्या आधारानं उठले. पाण्याकडे तोंड करून त्यांनी नमस्कार केला — डावा हात कपाळाशी आणि उजवा छातीशीच. आणि म्हणाले, "बरं. येतो आम्ही."

मी दचकून त्यांच्याकडे बघितलं. पाच महिन्यांत तो शब्द त्यांच्या तोंडून आला नव्हता.

आणि समोरून, पाण्यापलीकडच्या भिंतीकडून, उत्तर आलं.

"या. सावकाश या."

मोठ्यानं नाही. आतल्या खोलीतून कुणी काम करता करता बोलावं तसं. 'सा' लांब, 'श' बारीक. माझ्या हातातली पाण्याची बाटली खाली पडली. बाबा तसेच उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. पराग पुढे दहा पावलांवर कॅमेरा बॅगेत भरत होता, त्याचं लक्षच नव्हतं.

ईरानं माझा शर्ट ओढला. "मम्मा, हू सेड 'या'?"

मी तिचा हात धरला आणि जवळजवळ पळत सुटले. भीती वाटली, सरळ सांगते. आईचा आवाज ऐकून आनंद व्हायला हवा होता. पण मला तिथून निघायचं होतं, लवकर, आणि बाबांना घेऊन.

गाडीत परागला सांगितलं. त्यानं अपेक्षेप्रमाणे इको म्हणून निकाल दिला. "घळीत इको होणारच, गौरी." मी म्हटलं, बाबा 'येतो आम्ही' म्हणाले, इको आला तर 'आम्ही' यायला हवा, बाबांच्याच आवाजात यायला हवा. 'या' कुठून आलं? त्यावर तो म्हणाला, कदाचित वरच्या वाटेवर कुणी मराठी असेल. वाळवंटात! आमच्या आईच्या आवाजाचं! पण मी वाद घातला नाही. मागच्या सीटवर बाबा शांत झोपले होते.

रात्री मी मुगाची खिचडी केली. बाबांनी दोनदा मागून घेतली. ईरा झोपायला गेल्यावर मला म्हणाले, "तू ऐकलंस."

मी भांडी घासत राहिले.

"तिला त्या दिवशी मी येतो म्हणालो होतो, गौरी. पोचलो नाही. तिला वाट बघायला लावली."

"बाबा, असं नसतं हो काही."

"रागावलेली नाही ती. सावकाश या म्हणाली." असं म्हणून ते हसले. "उद्या सकाळी मला परत एकदा नेशील तिथं?"

"उद्या दुपारी फ्लाइट आहे बाबा. सामान आहे, गाडी परत करायचीय. पुढच्या वेळी जाऊ."

"बरं," म्हणाले, एवढंच. हट्ट नाही, काही नाही. त्यांचं अंथरूण मी दारापासून लांबच्या खोलीत घातलं, आणि केबिनचं दार लावून किल्ली उशीखाली ठेवली. कशाची भीती होती ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं.

सकाळी उठले तेव्हा चांगलं उजाडलं होतं. दार बंद होतं, किल्ली उशीखालीच. बाबा अंघोळ करून, पांढरा शर्ट घालून पलंगावर बसले होते. मी नेहमीप्रमाणे त्यांचा व्यायाम घ्यायला बसले. उजवा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला आणि हळूहळू वर नेला. छातीपर्यंत आला, खांद्यापर्यंत आला... आणि थांबलाच नाही. सरळ डोक्याच्या वर गेला, कानाला लागला. मी ओरडलेच, "अहो बाबा! बघा!" ते म्हणाले, "हो गं. हलकं वाटतंय." हात गार होता, पण त्या थंडीत सगळंच गार होतं. मला इतका आनंद झाला की मी परागला शेजारच्या खोलीतून हाक मारून बोलावलं. त्यानं बघितलं. "अरे वा बाबा, आता बॉलिंग टाका," म्हणाला. हे मी दोनदा लिहिते — परागनं पण बघितलं.

मग मी पोर्चमध्ये खुर्ची टाकून त्यांना चहा दिला. बाहेर गारठा होता म्हणून त्यांचा तपकिरी स्वेटर आणायला आत गेले. आखडलेल्या खांद्यामुळे तो त्यांना स्वतः घालता यायचा नाही, मीच घालायचे. कुठं सापडेना. बॅगेत नाही, पलंगावर नाही. तशीच बाहेर आले. खुर्ची रिकामी होती. कप खाली ठेवलेला, अर्धा भरलेला. चहावर साय सुद्धा धरली नव्हती.

आम्ही अख्खा पार्क पालथा घातला. दुकान, लाँड्री, मागचा कोरडा नाला. पराग गाडी घेऊन हायवेपर्यंत जाऊन आला. मी केबिनच्या पायरीवर ईराला धरून बसले होते आणि मला कळून चुकलं होतं ते कुठं असणार. पोलिसांना फोन केला तेव्हा मीच घळीचं नाव सांगितलं. पलीकडच्या बाईनं ते नाव मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, तुम्ही कुठे आहात ते सांगा, आम्ही तिकडे येतो.

बाबा शेवटच्या डोहापाशी, त्याच सपाट खडकावर बसलेले सापडले होते. पाय पाण्यात. हार्ट. अंगात तपकिरी स्वेटर होता, गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावलेली. मी स्वेटर घालायचे तेव्हा गळ्याचं बटण उघडं ठेवायचे, त्यांना गुदमरायचं म्हणून. आई मात्र ते नेहमी लावायची, आणि बाबा ऐकून घ्यायचे.

त्यांना एका रिटायर्ड जोडप्यानं बघितलं होतं, कॅरव्हॅन घेऊन देश फिरणारे लोक. मला त्या बाईंशी बोलता आलं. फार भल्या होत्या, माझा हात हातात घेऊन रडल्या. त्या म्हणाल्या, आम्ही उजाडताना तिथं पोचलो तेव्हा तुझे वडील बसलेलेच होते. मी 'गुड मॉर्निंग' म्हणाले, तर त्यांनी हात हलवला. असा — आणि त्यांनी उजवा हात सरळ डोक्यावर नेऊन दाखवला. आम्ही पुढे वर चढून गेलो, ऊन आल्यावर उतरलो, तेव्हा ते तसेच होते, पण गेलेले.

उजाडताना ते तिथं होते. उजाडल्यावर त्यांचा हात माझ्या हातात होता. आणि तिथून केबिनपर्यंत यायला गाडीनं तास लागतो.

पोलीस म्हणाले, दुःखात वेळेचा गोंधळ होतो. शिवाय सिडनी आणि ॲलिसच्या घड्याळात अर्ध्या तासाचा फरक आहे, तुमची घड्याळं बदलली नसतील. कुणीतरी लिफ्ट दिली असेल. लिफ्ट देणारं कुणी कधी पुढे आलं नाही. परागनं स्टेटमेंटमध्ये खांद्याचं काही सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, "काय सांगू? मलाच कळत नाहीये." त्या विषयावर तो आजतागायत बोलत नाही, आणि आता 'इको' हा शब्दही वापरत नाही.

एवढंच असतं तर मी हे लिहिलं नसतं. बाबांना जायचं होतं, ते गेले. आई-बाबा कुठे असतील तर एकत्र असतील, यात मला दुःखाबरोबर थोडं समाधानही होतं. रडत रडत का होईना, मी ते मान्य केलं होतं.

पण बाबांचं वर्षश्राद्ध झालं आणि मला तिथं जावंसं वाटायला लागलं. लोकांना सांगितलं 'क्लोजर'. खरं म्हणजे मला बाबांचा आवाज ऐकायचा होता. एकदाच. परागनं आढेवेढे घेतले. मग म्हणाला, "जाऊ, पण दिवसा, गर्दी असताना. आणि तिथं 'येते' म्हणायचं नाही."

"वेड लागलंय का मला? मी जाते म्हणेन."

"नुसतं बाय म्हण ना."

बाय. किती साधा शब्द! तेव्हा त्याचं ऐकलं असतं तर... पण मला वाटलं, इंग्रजीत निरोप घेऊन काय उपयोग, त्यांना कळायला तर हवं. आणि 'जाते' म्हणजे पक्कं. परत येणार नाही, कबूल केलेलं नाही, मोकळं. विमानात मी तो शब्द मनात घोळवत होते. लहानपणापासून जो तोंडातून निघाला की ओरडा खाल्ला, तो मुद्दाम म्हणायचा म्हणजे जिभेला जड जात होता.

ईराला मी काही सांगितलं नव्हतं. घाबरेल म्हणून. शाळेत ती आता मोठ्या वर्गात गेली होती, तिच्यासाठी ती आजोबांना भेटायची ट्रिप होती.

पुन्हा तीच दुपार, तेच ऊन, तशीच किंचाळणारी पोरं. शेवटच्या डोहाच्या सपाट खडकावर एक कुटुंब सँडविच खात बसलं होतं. मला बरं वाटलं. आम्ही बाजूला बसलो. मी बाबांसाठी आणलेली चार जाईची फुलं हातातच ठेवली, पाण्यात टाकली नाहीत. काही ऐकू आलं नाही. सँडविचवाले गेल्यावरही नाही. परागनं घड्याळ बघितलं.

मी उभी राहिले. सगळा धीर गोळा केला आणि मोठ्यानं म्हटलं, "बाबा, जाते मी. जाते."

काही नाही. लांबून एका पक्ष्याचा आवाज. डोक्यावरचं ओझं उतरलं होतं. बाबांचा आवाज आला नाही याचं वाईट वाटलं, आणि आला नाही म्हणून सुटकाही वाटली. दोन्ही खरं आहे. परागनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि आम्ही वळलो.

ईरा मागे बुटाची लेस बांधत होती. "मम्मा!" ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली, शाळेच्या गेटपाशी राहते तशीच. "यू सेड इट राँग! आजी सेड नेव्हर से जाते!"

"ईरा, नको —"

मी पोचायच्या आत ती पाण्याकडे वळली होती. आजीनं शिकवल्याप्रमाणे, स्वच्छ, एकेक अक्षर सुटं करून, अगदी अभिमानानं म्हणाली, "येते हं, आजोबा!"

"ये."

बाबांचा आवाज. माझ्या बाबांचा. वर्षभर जो ऐकायला मी तडफडत होते, तो. मी ईराला उचललं — नऊ वर्षांची होत आली होती, तरी उचललं — आणि वाळूतून धावले. तिच्या बुटाची लेस अजून सुटलेलीच होती. मागे वळून बघितलं नाही. परागनं काही ऐकलं नाही असं तो म्हणतो, पण तोही धावत होता.

कार पार्कमध्ये येईपर्यंत मी स्वतःला समजावलं की 'ये' हे 'येते'चंच पहिलं अक्षर आहे. भिंतीवरून परत आलं असेल. आवाज मला हवा होता म्हणून मी तो ऐकला. मी शिकलेली बाई आहे, मला मेंदू असले खेळ करतो हे माहीत आहे. गाडी डांबरी रस्त्याला लागली, हीटर सुरू केला.

तेवढ्यात मागच्या सीटवरून ईरानं विचारलं, "मम्मा, व्हॉट्स सावकाश?"

परागनं गाडीचा वेग एकदम कमी केला.

"कुठे ऐकलास हा शब्द?" मी विचारलं.

"आजी सेड इट. आफ्टर आजोबा. सावकाश ये. लाइक धिस — साऽवकाश."

'सा' लांब, 'श' बारीक. बाबा गेल्यापासून तो शब्द आमच्या घरात मी एकदाही उच्चारला नव्हता. जिभेवर आला तर गिळायचे, 'हळू' म्हणायचे. आई तो शब्द ईराला कधी म्हणाली नव्हती, तो फक्त बाबांचा होता. मागच्या वेळी डोहापाशीही तिनं फक्त 'या'बद्दलच विचारलं होतं. आणि डोहापाशी मी फक्त 'ये' ऐकलं होतं, पुढचं मला ऐकू आलं नव्हतं. मग ते ईराकडे कुठून आलं?

"सावकाश म्हणजे..." मी मागे हात नेऊन तिच्या बुटाची लेस बांधायला घेतली. "म्हणजे खूप खूप वर्षांनी. म्हातारी झाल्यावर."

"ओ. ओके," असं म्हणून ती टॅब्लेटवर गेम खेळायला लागली.

त्याला आता काही महिने झाले. ईरा छान आहे. शाळा, स्विमिंग, रविवारचा मराठी वर्ग. स्विमिंग मी बंद करणार होते, परागनं बंद करू दिलं नाही. रोज सकाळी ती उठली की मी आधी तिचा हात हातात घेऊन बघते, गरम आहे ना. ती वैतागते. मधेच कधीतरी विचारते, "व्हेन आर वी गोइंग बॅक? आय सेड येते." मी म्हणते, आजी सावकाश म्हणालीय ना, मग सावकाश.

माझ्याकडे याचं काही स्पष्टीकरण नाही. परागकडे नाही. कुणी खोटं म्हणा, भास म्हणा, मी भांडणार नाही, उलट आभार मानेन. तुम्ही सगळे मराठी माणसं आहात, मला फक्त एवढं सांगा — 'सावकाश' म्हणजे खूप वर्षांनी, असा अर्थ होतो ना? होतोच. सवडीनं, घाई न करता. मी रोज स्वतःला तेच सांगते.

पण बाबांनाही ती सावकाशच या म्हणाली होती. ते दुसऱ्याच दिवशी गेले.